'नेक्स्ट स्लाइड प्लीज' हे आपण कुणाला म्हणतो?

'लेट्स मूव्ह ऑन टू', 'ॲज यू कॅन सी हिअर', 'आय विल कम बॅक टू दॅट'. प्रेझेंटेशनसाठीच्या इंग्लिश वाक्यांच्या अशा याद्या तुम्हीही कधीतरी सेव्ह करून ठेवल्या असतील. माझ्या पहिल्या क्लायंट डेमोच्या आदल्या रात्री मी वीसेक वाक्यं पाठ केली होती, आणि डेमोत सगळी वापरली. शेवटी पलीकडून एकच प्रश्न आला: "पण तुम्हाला नक्की दाखवायचं काय होतं?" मी ठरवून टाकलं, आपलं इंग्लिश कच्चं.

नंतर या वाक्यांचा इतिहास वाचायला लागलो आणि दोष भलतीकडेच निघाला.

पुस्तक वाचताना माणूस मागचं पान उलटून बघू शकतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. म्हणून बोलणाऱ्याने मध्ये मध्ये थांबून सांगायचं, की आत्तापर्यंत हे झालं, आता हे येणार. दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'रेटोरिका ॲड हेरेनियम' या लॅटिन ग्रंथात या युक्तीला चक्क नाव आहे, ट्रान्झिशिओ. आपल्याकडे कीर्तनात पूर्वरंग संपवून बुवा उत्तररंगाकडे वळतात, तेव्हा मागच्या सतरंजीवरच्या आजीलाही कळतं की निरूपण झालं, आता आख्यान. काम तेच.

इंग्लिशमध्ये हे काम मन लावून शिकलेला माणूस म्हणजे मायकेल फॅरडे. हो, तोच, बारावीच्या फिजिक्समधला. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, लंडनमध्ये बुकबाइंडरकडे उमेदवारी. 1813 मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून लागला आणि त्याच वर्षी ॲबट नावाच्या मित्राला त्याने व्याख्यान कसं द्यावं यावर लांबलचक पत्रं लिहिली. खोलीत हवा खेळती हवी, वक्त्याने श्रोत्यांकडे तोंड करून बोलावं, एका तासापेक्षा जास्त ताणू नये. गंमत म्हणजे तेव्हा पठ्ठ्या स्वतः वक्ता नव्हता. तो इतरांची व्याख्यानं ऐकत होता, आणि आपलं लक्ष कुठे उडतं त्याची नोंद ठेवत होता. आपल्या भाषेत सांगायचं तर बग रिपोर्ट!

त्या काळच्या लंडनमध्ये तुम्ही कुठल्या घरातले हे तोंड उघडल्यावर कळायचं. फॅरडेने पैसे मोजून वक्तृत्वाची शिकवणी लावली. इंग्रज माणसाने, इंग्लंडमध्ये, इंग्लिश बोलायला! बोलताना डोळ्यांसमोर तो एक कार्ड ठेवायला सांगायचा. त्यावर एकच शब्द, 'स्लो'. पुढे मुलांसाठीच्या ख्रिसमस व्याख्यानांच्या 19 मालिका त्याने दिल्या. त्यातली सगळ्यात गाजलेली मालिका एका साध्या मेणबत्तीवर आहे. ज्योत, मेण, हवा, पाणी, श्वास असं कुठे कुठे फिरवून आणतो, पण दर थोड्या वेळाने परत मेणबत्तीपाशी. 'कमिंग बॅक टू' हे पाठ करायचं वाक्य नाही हे मला तिथे समजलं. परत यायला आधी एक जागा लागते.

आता शीर्षकातला प्रश्न. मॅजिक लँटर्नच्या काळात चित्र काचेवर असायचं आणि ती काच यंत्रात सरकवली जायची, म्हणून स्लाइड. वक्ता पुढे, यंत्र चालवणारा मागे अंधारात. 'नेक्स्ट स्लाइड प्लीज' हे त्या माणसाला म्हणायचं. काही वक्ते घंटी वाजवत, काही काठी आपटत. आपल्या कल्याणला महादेव पटवर्धन यांनी 1890 च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' नावाने असेच खेळ केले, काचेवर रंगवलेल्या चित्रांतून पुराणकथा सांगत. 1987 मध्ये मॅकिंटॉशसाठी पॉवरपॉइंट आलं, मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ती कंपनी 1.4 कोटी डॉलरला घेतली आणि हळूहळू बटण बोलणाऱ्याच्या हातात गेलं. (ऑनलाइन मीटिंगमध्ये स्क्रीन दुसराच शेअर करत असतो. म्हणजे अंधारातला माणूस परत आला!)

बटणाबरोबर एक घोटाळाही आला. वाट दाखवायचं काम आपण स्लाइडवरच सोडून दिलं.

16 जानेवारी 2003. कोलंबिया यान उडालं, आणि सुमारे 82 सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच इंजिनिअरांनी धोक्याचा हिशोब करून नासाला प्रेझेंटेशन दिलं. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक असं होतं, की वाचणाऱ्याला वाटावं हिशोब सुरक्षित बाजूला आहे. खाली बुलेट, त्याखाली उपबुलेट. आणि अगदी तळाला खरी गोष्ट: चाचणीतला तुकडा 3 घनइंच, यानावर आदळलेला अंदाजे 1920 घनइंच. म्हणजे 640 पट. ज्या चाचण्यांवर भिस्त होती, त्या या घटनेच्या आसपासही नव्हत्या.

1 फेब्रुवारीला परतताना यान फुटलं. कल्पना चावलासह सातही जण गेले. चौकशी मंडळाच्या अहवालात या स्लाइडची चिरफाड आहे. वरिष्ठ अधिकाऱ्याने ती वाचली तरी हा जिवावरचा प्रश्न आहे हे त्याच्या लक्षात येणार नाही, असं मंडळाने नोंदवलं. अपघात एका स्लाइडमुळे झाला असं म्हणणं खोटं ठरेल. त्यामागे वर्षानुवर्षांच्या सवयी होत्या. पण 'बिफोर वी मूव्ह ऑन, धिस इज द वन थिंग टू रिमेंबर, अवर टेस्ट्स डोन्ट कव्हर धिस' असं काहीतरी त्या स्लाइडच्या माथ्यावर असायला हवं होतं, आणि ते नव्हतं. तिथे कुणाचं इंग्लिश कच्चं नव्हतं बरं का.

हल्ली डेमोआधी मी तीन वाक्यं मराठीत लिहितो. आपण कुठे आहोत, आता कुठे जायचंय, आणि यातलं काय बिघडू शकतं. मग त्यांचं इंग्लिश करतो, जमेल तसं. मॉनिटरच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी आहे, 'हळू' लिहिलेली. गेल्या डेमोत तिकडून "सॉरी, आपण नक्की कुठे आहोत?" एकदाच आलं.