पोराच्या दप्तरात व्हेप सापडला तर? ई-सिगारेट बंदीचा कायदा काय सांगतो

पेनासारखी किंवा पेन ड्राइव्हसारखी दिसणारी वस्तू. आंबा, पुदिना, स्ट्रॉबेरी असा वास. चार्जिंगला लावायची सोय. पोराच्या दप्तरात असं काही सापडलं तर ती ई-सिगारेट असू शकते. पोरं तिला ‘व्हेप’ म्हणतात. पोलिसांत गेलो तर पोरावरच केस होईल, शाळेचं नाव जाईल, या भीतीने प्रकरण घरातच मिटवलं जातं आणि विकणारा मोकळा राहतो. म्हणून हा कायदा पालक आणि शिक्षकांना माहीत असायला हवा.

व्हेप म्हणजे नेमकं काय?

यात तंबाखू जळत नाही. बॅटरीवर आतलं लिक्विड तापतं आणि त्याची वाफ ओढली जाते. या लिक्विडमध्ये बहुतेक वेळा निकोटीन असतं, म्हणजे सिगारेट आणि तंबाखूची सवय लावणारा तोच पदार्थ. धूर नाही, कपड्यांना वास नाही, त्यामुळे घरात पत्ता लागत नाही.

मुलांना धोका जास्त का?

मेंदूची वाढ साधारण २५ व्या वर्षापर्यंत सुरू असते. या वयात निकोटीनची सवय लवकर जडते. लक्ष लागणं, चिडचिड यांवरही परिणाम होतो. लिक्विड लहान मुलाच्या पोटात गेलं तर विषबाधा होऊ शकते.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा आणि जाहिरात या सगळ्यांवर देशभर बंदी आहे. ई-हुक्काही त्यात येतो. लिक्विडमध्ये निकोटीन नाही, ही सबब चालत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. साधी सिगारेट १८ वर्षांखालच्यांना विकता येत नाही आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आतही विकता येत नाही. ई-सिगारेटला मात्र अशी वयाची किंवा अंतराची अटच नाही, कारण ती कोणालाच, कुठेही विकता येत नाही. ऑनलाइन विक्रीही बेकायदा आहे.

शिक्षा अशी :
- विक्री, वाहतूक, जाहिरात वगैरे, पहिला गुन्हा : १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही
- पुन्हा केल्यास : ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड
- साठा केल्यास : ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही

मग पोरावर केस होते का?

नुसतं ओढण्यासाठी या कायद्यात वेगळं शिक्षेचं कलम नाही. कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आणि साठा करणाऱ्यावर आहे. पण मित्रांना विकणं किंवा वाटणं हा गुन्हा आहे, हे पोरांना स्पष्ट सांगा. मोबाइलवर त्याची जाहिरात करणाऱ्या रील टाकणंही त्यातच आलं.

१५ वर्षांखालच्या मुलाला आणि कोणत्याही वयाच्या मुलीला साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी येऊन विचारायचं असतं. साक्षीदार १८ वर्षांखालचा असेल तर त्याचं नाव, फोटो, शाळा बातमीत देण्यास बाल न्याय कायद्याने मनाई आहे.

तक्रार कशी करायची?

वस्तू उकिरड्यावर फेकू नका, घरात ठेवूनही घेऊ नका. पाकीट, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, ऑर्डरचा मेसेज यांसह जवळच्या पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला झडती आणि जप्तीचे अधिकार आहेत. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पोस्टाने पाठवता येते.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे गावोगावी ठाऊक असतं. व्हेपचंही तसंच व्हायचं नसेल तर पहिली टपरी, पहिलं दुकान वेळीच दाखवून द्यायला हवं.

घरी काय करायचं?

मारहाण केली की पोरगं वस्तू आणखी नीट लपवायला शिकतं. कुठून आणली, कधीपासून ओढतो, कोणाबरोबर, हे शांतपणे विचारा. सवय सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर मोफत समुपदेशन मिळतं. सतत खोकला, दम लागणं, छातीत दुखणं असेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या आणि व्हेप ओढल्याचं त्यांच्यापासून लपवू नका.