झायन नगर आणि त्याचा मालक



शिकागो शहरापासून मिशिगन सरोवराच्या काठाकाठाने उत्तरेस सुमारे ४० मैल गेले म्हणजे झायन नावाचे गाव लागते. मराठी बायबलात ज्याला सीयोन म्हटले आहे तेच हे नाव. चार घरांची वस्ती वाढत वाढत झालेले हे गाव नव्हे. एका धर्मोपदेशकाने १९०० सालाच्या पहिल्या प्रहरी, वर्ष पालटताना भरलेल्या प्रार्थनासभेत, या नगराची घोषणा केली. सहा हजार एकरांहून अधिक जमीन घेतली, रस्ते आखले, बँक काढली, कारखाना उभारला. आणि १९०६ च्या एप्रिलात त्याच नगराने त्याला पदावरून खाली खेचले. जॉन अलेक्झांडर डाउई हे त्याचे नाव.

मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नव्हे, आणि कोणाच्या श्रद्धेची परीक्षा घेण्याचा मला अधिकार नाही. माझे आयुष्य मजुरांच्या सभा भरविण्यात, पगारपत्रके तपासण्यात आणि मालकाच्या कारकुनाशी वाद घालण्यात गेले. जे काही वाचले ते त्यातून वेळ काढून वाचले. तेव्हा या चरित्राकडे मी ज्या बाजूने पाहणार ती वहीखात्याची बाजू आहे. डाउईच्या चमत्कारांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. गावाच्या मालमत्तेचा कागद कोणाच्या नावाचा होता, हा प्रश्न मात्र त्या मानाने मागे राहतो.

डाउईचा जन्म १८४७ मध्ये स्कॉटलंडातील एडिंबरो येथे झाला. तेरा वर्षांचा असताना तो आईबापांबरोबर ऑस्ट्रेलियात गेला. पुढे एडिंबरोस परत येऊन शिकला, पुन्हा ऑस्ट्रेलियात गेला आणि पाद्री झाला. १८७६ च्या सुमारास सिडनीजवळच्या न्यूटाउनमध्ये साथ पसरली व त्याच्या मंडळीतील माणसे पटापट मरू लागली. आपल्या प्रार्थनेने आजारी बरे होतात असा अनुभव आपणास तेव्हाच आला, असे तो पुढे जन्मभर सांगत राहिला. त्याने आपला पंथ सोडला, मेलबर्नमध्ये स्वतःचे प्रार्थनागृह काढले, दारूविरुद्ध रस्त्यावर मिरवणुका काढल्याबद्दल तुरुंगवास भोगला, आणि १८८८ मध्ये अमेरिकेचा किनारा गाठला.

१८९३ साली शिकागोत मोठे जागतिक प्रदर्शन भरले. डाउईने प्रदर्शनाच्या दाराजवळच एक लाकडी मांडव घातला. शेजारी बफेलो बिलचा घोडेस्वारांचा खेळ चाले. तिकडे जाणारी गर्दी इकडेही डोकावू लागली. लंगडे चालू लागले, आंधळ्यांस दिसू लागले, अशा बातम्या पसरल्या. भिंतींवर कुबड्या टांगल्या गेल्या. दुसऱ्याच वर्षी त्याने ‘लीव्ह्‌ज ऑफ हीलिंग’ नावाचे साप्ताहिक काढले, आणि ते खंडोखंडी पोहोचू लागले. १८९५ मध्ये परवान्याशिवाय रुग्णालय चालविल्याबद्दल शिकागोच्या अधिकाऱ्यांनी त्याच्यावर खटल्यांवर खटले भरले. तो प्रत्येक वेळी जामीन देऊन बाहेर येई व व्यासपीठावर चढे. खटल्यांनी त्याचे नुकसान झाले नाही, जाहिरातच झाली. १८९६ मध्ये त्याने स्वतःचा पंथ रीतसर स्थापन केला.

हा पंथ आज ज्याला पेंटेकोस्टल म्हणतात त्या चळवळीच्या अगदी उंबरठ्यावरचा. पवित्र आत्मा आजही माणसावर उतरतो, त्याने रोग बरे होतात व माणसे न शिकलेल्या भाषा बोलू लागतात, ही त्या चळवळीची मुख्य श्रद्धा. यातील भाषांचा भाग डाउईकडे नव्हता, आरोग्यदानाचा होता. पण पुढे या चळवळीचे बिनीचे प्रचारक झायनमधूनच निघाले. आपल्याकडच्या श्रोत्यांना हे सारे दूरदेशीचे वाटेल, म्हणून सांगतो की १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात अनाथ मुली व विधवा रात्रंदिवस मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, ती घटना या चळवळीच्या जागतिक इतिहासात नोंदली गेली आहे. लॉस एंजेलिसच्या ज्या प्रसिद्ध सभांपासून चळवळीचा आरंभ धरतात त्या १९०६ च्या. केडगाव एक वर्ष आधीचे.

आता झायनकडे येऊ. डाउईकडे जे लोक आले ते कोण होते? बहुतेक कारागीर, छोटे शेतकरी, दुकानदार, मोलमजुरी करणाऱ्या स्त्रिया. शिकागोचे त्या काळचे जीवन म्हणजे कत्तलखाने, दारूचे गुत्ते आणि कोंदट खोल्या. अशा माणसाला कोणी सांगितले की, सरोवराकाठी एक गाव वसते आहे, तेथे गुत्ता नाही, जुगार नाही, तंबाखू नाही, मुलांना शाळा आहे आणि कष्टकऱ्याला स्वच्छ घर आहे, तर तो का जाणार नाही? त्या काळच्या अमेरिकेत काळ्या माणसाला गोऱ्याच्या शेजारी बसण्याची चोरी होती. डाउईने आपल्या मंडळीत व गावात काळ्या कुटुंबांना बरोबरीने घेतले आणि वंशभेदाविरुद्ध उघड बोलला. हे त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे. त्या काळी असे बोलणाऱ्या कामगार संघटनासुद्धा थोड्या होत्या, हे कबूल करताना मला संकोच वाटतो, पण ते खरे आहे.

जुलै १९०१ मध्ये भूखंड खुले झाले. पण ते विकले गेले नाहीत, भाड्याने दिले गेले. आणि भाडेपट्टा किती वर्षांचा? १,१०० वर्षांचा! दारू, तंबाखू, डुकराचे मांस, नाटकगृह, औषधांचे दुकान, डॉक्टरचा दवाखाना यांना पट्ट्यातच बंदी होती, आणि अट मोडली तर जागा परत जाई. म्हणजे माणसाने भूखंडाचे पैसे मोजायचे, वर स्वखर्चाने घर बांधायचे, आणि राहायचे मात्र कूळ म्हणून. गिरणीच्या चाळीत ज्यांनी दिवस काढले त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. संपात उतरलेल्या मजुराला पहिली नोटीस येते ती खोलीची.

गावाची पोटापाण्याची मदार लेसच्या कारखान्यावर होती. यंत्रावरची लेस हा इंग्लंडातील नॉटिंगहॅम परिसराचा धंदा. तेथील लेसच्या मागावर बसणारा कामगार कसबी असे, आणि त्यांची संघटनाही जुनी व बळकट होती. डाउईच्या नात्यातला सॅम्युअल स्टीव्हन्सन हा तेथील कारखानदार. त्याचा धंदा डाउईने झायनकरिता घेतला. यंत्रे आली, इंग्लंडहून कारागीरही आले. स्टीव्हन्सनचे व त्याचे लवकरच बिनसले. आपण डाउईच्या प्रभावाखाली सौदा केला असे म्हणत तो १९०१ मध्येच कोर्टात गेला. ज्या माणसाला आतले आकडे ठाऊक होते तो पहिल्यांदा बाहेर पडला, ही गोष्ट झायनच्या भाविकांनी मनावर घेतली नाही. आणि नॉटिंगहॅमहून आलेल्या कारागिरांना येथे संघटना नव्हती. कामगार संघटना डाउईला पसंत नव्हत्या; गुप्त मंडळ्यांविरुद्ध तो जसा गरजे तसाच त्यांच्याविरुद्धही बोले.

जमीन डाउईच्या नावावर. लेसचा कारखाना, दुकाने, छापखाना, बँक, सारे त्याच्या नावावर, किंवा त्याच्या एका सहीच्या हुकमतीत. तो स्वतःला विश्वस्त म्हणवी. पण त्याला हिशेब विचारील असे मंडळ कोठेच नव्हते. भाविकाने मिळकतीचा दशांश द्यायचा, बाहेरच्या बँकांतील ठेवी काढून झायनच्या बँकेत आणायच्या, उरलेल्या पैशाचे कारखान्याचे भाग घ्यायचे, असा त्याचा आग्रह असे. १९०२ मध्ये नगरपालिका झाली तेव्हा निवडणुकीसाठी ‘थिऑक्रॅटिक’ म्हणजे ईश्वरी सत्तेचा पक्ष निघाला, आणि उमेदवार अर्थात डाउईच्या पसंतीचे. मजुराचा मालक तोच, घरमालक तोच, सावकार तोच आणि गुरूही तोच. १९०१ च्या जूनमध्ये, आपण बायबलात वर्णिलेला एलीया संदेष्टा आहोत असे त्याने जाहीर केले. माझ्या मते एलीया होण्यापेक्षा बँकेचा एकटा मालक होणे हे अधिक धोक्याचे होते. एलीयावर कोणी विश्वास न ठेवला तर त्याचे फार तर पुण्य बुडेल. ठेव बुडत नाही.

१९०२ च्या मे महिन्यात त्याची मुलगी एस्थर भाजून वारली. वय २१, शिकागो विद्यापीठात शिकत होती. केस कुरळे करण्याची सळई तापविण्यासाठी स्पिरिटचा दिवा पेटविला होता, तो उलटला. घरात स्पिरिटचा दिवा वापरण्यास डाउईची मनाई होती, आणि मुलीच्या मृत्यूनंतर तिने आज्ञा मोडली हे त्याने लोकांना सांगितले. बाप म्हणून त्याचे काय झाले असेल ते असो. पण हजारोंचे रोग हटविणारा हात घरच्या मुलीला वाचवू शकला नाही, याचा उलगडा गावाला करून देणे त्याला भाग होते, आणि तो त्याने असा केला.

पुढच्या वर्षी, १९०३ च्या ऑक्टोबरात, त्याने न्यूयॉर्कवर स्वारी केली. आठ खास आगगाड्या, सुमारे तीन हजार अनुयायी, मॅडिसन स्क्वेअर गार्डनचे अवाढव्य सभागृह. लोक पहिल्या दिवशी कुतूहलाने जमले आणि भाषण चालू असतानाच उठून जाऊ लागले. व्याख्यात्याला श्रोते उठून जाण्याइतकी शिक्षा दुसरी नाही, हे या व्यासपीठावरून मी अधिक सांगायला नको! या मोहिमेचा खर्च सुमारे तीन लाख डॉलर झाला, आणि तो कोणाच्या ठेवींतून झाला हे उघड आहे. डिसेंबरात धनको कोर्टात गेले व झायनवर सरकारी ताबेदार बसले. धनकोंनी मुदत दिल्यामुळे काही दिवसांतच ताबा उठला. लोकांनी हा देवाचा विजय मानला. वास्तविक ती गावाला मिळालेली स्पष्ट सूचना होती, आणि पुढची दोन वर्षे पैसे काढून घेण्यास पुरेशी होती.

पण कोणी काढले नाहीत, उलट घातले. याचे कारण शोधण्यासाठी अमेरिकेस जावे लागत नाही. आमच्या मजूर वस्तीतही एक पतसंस्था बुडाली. संचालक सणासुदीला महाप्रसाद घाली, व्यासपीठावर संतवचने म्हणे. ठेवीदारांत विधवा होत्या, निवृत्त कामगार होते. अफवा उठल्यावरही काही जणांनी आपली ठेव मोडली नाही, कारण मोडणे म्हणजे त्या माणसावर अविश्वास दाखविणे, आणि गल्लीत तोंड कसे दाखवावे हा प्रश्न. झायनमध्ये तर गल्ली, देऊळ आणि कारखाना एकाच मंडळीचे होते.

डाउईने मात्र आवर घातला नाही. १९०४ मध्ये त्याने जगप्रवास केला, परत येऊन स्वतःस ‘पहिला प्रेषित’ म्हणविले, यहुदी महायाजकासारखी भरजरी वस्त्रे शिवून घेतली. त्याचा वाडा पंचवीस खोल्यांचा. १९०५ च्या सप्टेंबरात त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि तो उबदार हवेसाठी जमेका व मेक्सिकोकडे गेला. मेक्सिकोत दुसरी वसाहत काढण्याचे बेत चालूच होते! मागे कारभार पाहण्यासाठी त्याने ऑस्ट्रेलियातून विल्बर ग्लेन व्होलिव्हा या आपल्या विश्वासू सहकाऱ्याला बोलावून मुखत्यारपत्र दिले. व्होलिव्हाने वह्या उघडल्या. डाउईच्या खासगी खात्यावर सहा लाख डॉलरांहून अधिक उचल निघाली. पंचवीस लाखांहून अधिक रकमेचा पत्ता लागत नाही असा आरोप झाला. बहुपत्नीत्वाचा पुरस्कार करीत असल्याचाही आरोप झाला; तो त्याने नाकारला. एप्रिल १९०६ मध्ये तारेने त्याला कळविण्यात आले की, तुम्ही पदावरून दूर झाला आहात. त्याची पत्नी आणि मुलगाही विरोधी बाजूस उभे राहिले.

तो आजारी देहाने परतला आणि कोर्टात गेला. न्यायाधीश होते केनेसॉ माउंटन लँडिस. कामगार चळवळीचा इतिहास वाचणाऱ्यांना हे नाव गोड वाटणार नाही; याच लँडिसने १९१८ मध्ये ‘जगाचे औद्योगिक कामगार’ या संघटनेच्या पुढाऱ्यांना शिकागोत वीस वीस वर्षांच्या सजा ठोठावल्या. पण १९०६ च्या जुलैमध्ये त्याने दिलेला निकाल मला मोलाचा वाटतो. झायनची मालमत्ता डाउईची खासगी नव्हे. ती मंडळीची, तो केवळ विश्वस्त. मालमत्तेवर ताबेदार नेमला गेला, आणि मुख्याधिकारी कोण हे मंडळीने मतदानाने ठरवावे असा हुकूम झाला. गावाच्या इतिहासात प्रथमच, ज्यांच्या घामावर हे उभे राहिले त्यांचे ते आहे, असे कोणीतरी कागदावर लिहिले.

सप्टेंबरात मतदान झाले आणि व्होलिव्हा प्रचंड बहुमताने निवडून आला. त्याने पुढे सारी मालमत्ता हळूहळू विकत घेऊन पुन्हा एका हातात आणली. तो डाउईहून कडक निघाला. पृथ्वी सपाट आहे असे तो शिकवी व शाळांतूनही शिकवायला लावी. १९३० नंतरच्या मंदीत त्याचेही उद्योग बुडाले. १९४२ मध्ये तो वारला. लेसचा कारखाना मात्र १९०७ मध्येच शिकागोच्या मार्शल फील्ड या व्यापारी पेढीने घेतला होता.

डाउई स्वतः ९ मार्च १९०७ रोजी, थोड्या निष्ठावंतांच्या सोबतीत, आपल्या वाड्यात मरण पावला. पंजाबातील कादियानच्या मिर्झा गुलाम अहमद यांनी १९०२ मध्ये त्याला प्रार्थनेच्या द्वंद्वाचे आव्हान दिले होते. खोटा तो खऱ्याच्या हयातीत मरेल, असे. मिर्झा १९०८ मध्ये निवर्तले. त्यामुळे अहमदिया पंथीय डाउईच्या मृत्यूला आजही खूण मानतात, आणि २०२२ मध्ये त्यांनी झायनमध्येच मशीद उघडली.

तिकडे १९०६ च्या शरदात चार्ल्स पारहॅम हा पेंटेकोस्टल प्रचारक फसल्या-बुडालेल्या झायनमध्ये आला. व्होलिव्हाने सभागृहे नाकारली, म्हणून सभा घराघरांत भरल्या. ज्यांचे पैसे गेले होते, पण श्रद्धा गेली नव्हती, असे शेकडो लोक तेथे आले. त्यांतील जॉन लेक १९०८ मध्ये दक्षिण आफ्रिकेस गेला. तेथे त्याच्याही आधी, १९०४ मध्ये, डाउईचा माणूस पोहोचला होता. आज दक्षिण आफ्रिकेत लक्षावधी काळे कष्टकरी ‘झायनवाले’ म्हणवितात. ते नाव मिशिगन काठच्या या गावाकडूनच गेले. मात्र त्यांच्या मंडळ्या त्यांनी स्वतः उभारल्या आणि स्वतःच चालविल्या.

झायन गाव अजून आहे. डाउईच्या वाड्यात संग्रहालय आहे. ज्या गावात डॉक्टरला दवाखाना टाकता येत नव्हता तेथे १९८८ पासून कर्करोगाचे मोठे रुग्णालय चालू झाले.