संन्यासी, फकीर आणि पडद्यावरचा ‘आनंदमठ’

एखाद्या प्रसिद्ध कथेच्या आधी काय घडले हे सांगणाऱ्या चित्रपटाला प्रीक्वेल, म्हणजे पूर्वकथापट, म्हणतात. ‘स्टार वॉर्स’ मालिकेचे १९९९ ते २००५ या काळातले तीन पूर्वकथापट जेडाय या योद्ध्या साधूंचा पंथ दाखवतात. तो नीट दाखवला का, यावर प्रेक्षक अजून वाद घालतात. पण जेडाय काल्पनिक आहेत, त्यामुळे ताडून पाहायला चित्रपटांबाहेरचा पुरावा नाही. बंगालच्या योद्ध्या संन्याशांच्या बाबतीत तो आहे. म्हणून हाच प्रश्न आपण इथे इतिहासाच्या कसोटीवर लावून पाहू.

कथा आणि तिचा काळ

बंकिमचंद्र चट्टोपाध्यायांची ‘आनंदमठ’ ही कादंबरी १८८२ साली पुस्तकरूपाने आली. कथा मात्र १७७० च्या भीषण दुष्काळाच्या काळातली आहे. वॉरन हेस्टिंग्जच्या अंदाजानुसार त्या दुष्काळात बंगालची सुमारे एक तृतीयांश प्रजा दगावली. कादंबरीतले ‘संतान’ घरदार सोडून मातृभूमीला देवी मानतात आणि तिच्यासाठी लढतात. १९५२ मध्ये हेमेन गुप्तांनी तिच्यावर हिंदी चित्रपट काढला. त्यात सत्यानंदांची भूमिका पृथ्वीराज कपूर यांनी केली.

नवे राष्ट्र घडत असताना त्याला शंभर वर्षे मागची पूर्वकथा देण्याचे काम या कादंबरीने केले. चित्रपट आला तेव्हा स्वातंत्र्य मिळून पाचच वर्षे झाली होती. साहजिकच अठराव्या शतकातल्या संन्याशांना एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या देशभक्तांचा चेहरा मिळाला.

दफ्तरातले संन्यासी

कंपनीच्या कागदपत्रांतले चित्र वेगळे आहे. कादंबरीतले संतान वैष्णव आणि बहुतेक शिकलेले बंगाली आहेत. प्रत्यक्षातले संन्यासी मुख्यतः दशनामी शैव, गिरी आणि पुरी आखाड्यांचे, उत्तर हिंदुस्थानातून दरवर्षी येणारे होते. जदुनाथ सरकारांनीही हा फरक दाखवला आहे. तीर्थयात्रा, व्यापार, सावकारी आणि जमीनदारांकडून वर्गणी यांवर त्यांचे चाले. महाराष्ट्राला हे ‘गोसावी’ अनोळखी नाहीत. अनुपगिरी गोसावी १७६१ च्या पानिपतात शुजाउद्दौल्याच्या बाजूने मराठ्यांविरुद्ध उभा होता. पुढे तो महादजी शिंद्यांकडे आला आणि १८०३ मध्ये इंग्रजांना मिळाला. ही निष्ठा देशाशी नव्हती, धन्याशी आणि आपल्या जथ्याशी होती.

मग ते नुसते लुटारू होते का? हेस्टिंग्जचे म्हणणे तसेच होते. पण ते त्याच्या सोयीचेही होते. महसूल आपल्याच हाती यावा म्हणून कंपनीला गावोगाव वर्गणी घेणारे सशस्त्र जथे नको होते. म्हणून तिने त्यांच्या वाटा अडवल्या. संन्याशांशी झालेल्या लढायांत कॅप्टन थॉमस आणि १७७३ मध्ये कॅप्टन एडवर्ड्स मारले गेले. थॉमस हे नाव बंकिमचंद्रांनी कादंबरीतही घेतले आहे.

पडद्याबाहेर राहिलेले फकीर

सर्वांत मोठी गाळणूक फकिरांची आहे. मदारी पंथाचा मजनू शाह हा १७८७ पर्यंत या लढ्याचा प्रमुख नेता होता. १७७२ मध्ये त्याने नाटोरच्या राणी भवानीकडे तक्रार केली, की पूर्वी फकीर निर्धास्त फिरत आणि भिक्षा मागत, पण आता इंग्रज त्यांना दर्ग्यांच्या यात्रेला जाऊ देत नाहीत आणि दीडशे फकीर विनाकारण मारले गेले. हिंदू राणीकडे मुसलमान फकिराने दाद मागावी, हे त्या काळी सहज होते. शिवाय भवानी पाठक, ज्याला बंकिमचंद्रांनी ‘देवी चौधुराणी’त आणले, त्याचे मजनू शाहशी साटेलोटे असल्याची नोंद कंपनीच्याच कागदांत आहे. ‘आनंदमठा’त मात्र फकीर नाहीत, उलट नवाबाचे मुसलमान राज्य हाच शत्रू आहे. इथे फक्त पात्रे कमी होत नाहीत. दोन समाजांचा लढा एकाचाच होऊन जातो, आणि ही आठवण पुढच्या पिढ्यांना खरी वाटू लागते.

निष्कर्ष

कादंबरीकाराला बदल करण्याचा हक्क आहे. बंकिमचंद्रांनीही पुढील आवृत्तीत इतिहासातले उतारे जोडले आणि कथेची जागा वीरभूमवरून उत्तर बंगालात नेली. प्रश्न आपल्या वाचनाचा आहे. ‘आनंदमठ’ १८८२ च्या मनाचा उत्तम पुरावा आहे, १७७२ च्या घटनांचा नाही. चित्रपटालाही हेच लागू होते.

विचारासाठी प्रश्न

१. योद्धा पंथावरचा ऐतिहासिक चित्रपट पाहताना तो कोणत्या वर्षी निघाला, हे आधी का विचारावे?
२. त्या पंथाचा उदरनिर्वाह पडद्यावर दिसतो का? दिसत नसेल, तर त्यामुळे पंथाचे कोणते रूप उभे राहते?
३. हेस्टिंग्जचे ‘लुटारू’ आणि बंकिमचंद्रांचे ‘संतान’ या दोन्ही चित्रांतून मजनू शाह कसा निसटतो?