रुपेरी पडद्यावरील वर्णपूर्वग्रह : मुंबईचा अनुभव

चित्रपटाचा इतिहासाचे साधन म्हणून उपयोग करावयाचा तर कथानकापेक्षा त्यातील गृहीतांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. समाज कोणाला हास्यास्पद, कोणाला भयावह व कोणाला विश्वासू मानतो, हे पडद्यावर अभावितपणे उघड होते. या दृष्टीने १९२० ते १९४० या काळातील मुंबईचा अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. पडद्यावरील वर्णपूर्वग्रहाविषयीची तक्रार या काळात प्रथम राज्यकर्त्यांनी आणि नंतर प्रजेने केली.

१९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यान्वये १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे सेन्सॉर मंडळे स्थापन झाली. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्षपद पोलीस कमिशनरांकडे होते, यावरून त्याचा रोख ध्यानात येतो. गोऱ्या माणसाची, विशेषतः गोऱ्या स्त्रीची, प्रतिमा एतद्देशीय प्रेक्षकांपुढे मलिन होऊ नये, ही राज्यकर्त्यांची चिंता होती. अमेरिकन चित्रपटांमुळे ही प्रतिष्ठा ढासळते अशी ओरड इंग्रजी वर्तुळांत चालू होती. १९२७-२८ च्या रंगाचारी समितीच्या नेमणुकीमागे जी कारणे होती, त्यांत हेही एक होते. हिंदी माणसाच्या पडद्यावरील प्रतिमेची तेवढी काळजी मात्र कोणी वाहिली नाही.

१९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्ततेचे पर्व सुरू झाले व मुंबईत बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. पुढच्याच वर्षी झोल्टन कोर्डा यांनी दिग्दर्शिलेला ‘द ड्रम’ हा ब्रिटिश चित्रपट येथे आला. वायव्य सरहद्दीवरील एका काल्पनिक संस्थानाची ही कथा आहे. त्यातील दुष्ट घूल हा इंग्रजांविरुद्ध कट करतो आणि सज्जन राजपुत्र अझीम त्यांना सावध करतो. अझीमची भूमिका म्हैसूरच्या साबूने केली होती. घूलची भूमिका मात्र रेमंड मॅसी या गोऱ्या नटाकडे होती. चित्रपटाची नीतिकल्पना सरळ आहे. साहेबाच्या उपयोगी पडणारा हिंदी मनुष्य चांगला आणि त्याच्या विरुद्ध जाणारा कपटी. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईत या चित्रपटाविरुद्ध निदर्शने झाली व त्याचे खेळ थांबवावे लागले. १९३९ च्या ‘गंगा दीन’ या अमेरिकन चित्रपटात हीच विभागणी आढळते. एका बाजूला गोऱ्या सैनिकांसाठी प्राण देणारा पाणक्या, तर दुसऱ्या बाजूला कालीचे रक्तपिपासू भक्त. बंगाल व मुंबई या प्रांतांत त्यावर बंदी आली. बाबूराव पटेल यांच्या ‘फिल्मइंडिया’ मासिकाने अशा चित्रपटांविरुद्ध लोकमत जागृत केले.

या विरोधाचे महत्त्व निर्विवाद आहे. पडद्यावरील प्रतिमा ही निरुपद्रवी करमणूक नसून सत्तेचे एक अंग असते, हे मुंबईच्या प्रेक्षकाने त्या वेळी ओळखले. तथापि या विरोधाचा पायाही तपासला पाहिजे. तो प्रामुख्याने राष्ट्राच्या अपमानाचा होता. कोणत्याही मानवसमूहाला एका साच्यात कोंबणे मुळातच अन्याय्य आहे, हे तत्त्व त्यातून आपोआप निष्पन्न झाले नाही.

याचे प्रत्यंतर मुंबईच्याच चित्रपटांत मिळते. ‘द ड्रम’च्या आदल्या वर्षी, १९३७ मध्ये, वाडिया मूव्हीटोनने ‘तूफानी टारझन’ काढला. गोऱ्या साम्राज्याच्या कल्पनेतून जन्मलेला हा नायक येथे देशी झाला आणि त्याच्याबरोबर अरण्यातील रानटी माणसाचा साचाही आयात झाला. हा साचा स्वातंत्र्यानंतरही टिकला. १९६९ च्या ‘इंतकाम’मध्ये हेलनच्या एका प्रसिद्ध नृत्यात अंगाला काळा रंग फासलेला पुरुष पिंजऱ्यात कोंडलेला दाखविला आहे. २००८ च्या ‘फॅशन’मध्ये नायिकेच्या अधःपाताची परिसीमा सुचविण्यासाठी ती एका कृष्णवर्णी पुरुषाच्या सहवासात जागी होते, एवढे दिग्दर्शकाला पुरेसे वाटले. ‘गंगा दीन’मध्ये गोऱ्या नटांनी चेहरे काळवंडून हिंदी माणसे उभी केली होती. त्याचा राग आलेल्या नगरीतच पुढे हे घडले.

महाराष्ट्राच्या बाबतीत ही विसंगती अधिक खटकते, कारण आफ्रिकी वंशाचे लोक आपल्या इतिहासाला परके नाहीत. खडकी वसविणारा, निजामशाहीचा कारभार सांभाळणारा आणि गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणणारा मलिक अंबर हबशी होता. तो १६२६ मध्ये वारला. मराठ्यांचे दीर्घ वैर ज्यांच्याशी झाले, त्या जंजिऱ्याच्या सिद्दींचे संस्थान १९४८ पर्यंत अस्तित्वात होते. आजच्या नवी मुंबईतील बेलापूरच्या किल्ल्याशीही सिद्दींचे नाव निगडित आहे. सेनापती, प्रशासक व दर्यावर्दी म्हणून ज्यांची नोंद आपल्या कागदपत्रांत आहे, त्यांच्या वंशाचा मनुष्य पडद्यावर मात्र पहारेकरी, गुलाम किंवा नरभक्षक म्हणून येत राहिला. या प्रतिमेचे मूळ आपल्या अनुभवात नसून उसन्या कल्पनेत आहे, असे यावरून म्हणावयास हरकत नाही.

वंश, धर्म वा अन्य समूहांविषयी तुच्छतादर्शक दृश्ये व शब्द नसावेत, असे १९९१ च्या प्रमाणन-मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहे. ‘फॅशन’ त्यानंतरचा आहे, हे लक्षात घेता केवळ नियमाने हा पूर्वग्रह दूर होत नाही हे स्पष्ट होते. यास्तव १९३८-३९ च्या विरोधाचा अभ्यास करताना त्याला राष्ट्रीय जागृतीच्या इतिहासातील एक गौरवाचे प्रकरण मानून थांबणे पुरेसे नाही. घूल आणि गंगा दीन यांच्याविषयी त्या वेळच्या टीकाकारांनी जे प्रश्न विचारले, तेच प्रश्न मुंबईच्या चित्रपटांतील हबशाविषयी कोणी विचारले काय, याचा शोध त्या काळच्या मराठी व इंग्रजी नियतकालिकांतून घेतला पाहिजे.