काळकाईची राई कागदावर कशी आली

आज आपल्याच रानाचा थोडा इतिहास सांगते.

सह्याद्रीकडच्या बायांना देवराई सांगायला नको. कोकणात कुणी देवरहाटी म्हणतं, कुणी नुसती राई. काळकाई, वाघजाई, शिरकाई, बहुतेक ठिकाणी देवीच. आत जाताना चप्पल बाहेर. काही गावांत तर वाळकी काटकीसुद्धा चुलीला आणायची नाही, इतका नेम कडक. आपल्याला सगळं माहीत असतं, पण सरकारी दप्तरात याची नोंद काय? बहुतेक ठिकाणी नुसतं ‘जंगल’, आणि जंगल म्हटलं की त्यात लाकूड किती निघेल हा हिशेब.

ही नोंद नीट करायला १९७१-७२ च्या सुमारास एक तरुण माणूस निघाला. माधव गाडगीळ. पुण्यात वाढलेले, लहानपणापासून पाखरांचं वेड. चौदाव्या वर्षी त्यांनी पक्षीतज्ज्ञ सालिम अलींना पत्र टाकलं होतं, की वेड्या राघूच्या शेपटीतलं लांब पीस दिसत का नाही? उत्तर आलं, वीण झाली की ते पीस गळतं. पुढे ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. बरोबर पत्नी सुलोचनाताई, त्याही तिथेच शिकल्या. दोघंही डॉक्टरेट करून १९७१ साली परत आली. सुलोचनाताईंनी पुढे मोसमी पावसाच्या अभ्यासात मोठं नाव कमावलं, त्यांच्यावर एकदा वेगळं बोलायला हवं.

माधवरावांचं तिकडचं शिक्षण गणित आणि कॉम्प्युटरच्या जोरावर जिवांचा अभ्यास करण्याचं. इथे आल्यावर मात्र पुण्याच्या विज्ञानवर्धिनीतले, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेतले, वनस्पतींचे जाणकार डॉ. वर्तक यांच्यासोबत ते गावोगाव पायी हिंडू लागले. गाव कोणतं, देव कोणता, राई केवढी, झाडं कोणती, नेम काय आणि तो अजून पाळतात का, हे विचारायचं आणि लिहायचं.

ते हिंडत असतानाच श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाहून हाक आली. तो तेव्हा कुलाबा जिल्हा. काळकाईची राई तोडीला लागणार होती. गावकऱ्यांचं म्हणणं साधं होतं: राई गेली की आमचा ओढा आटेल. मैत्रिणींनो, ओढा आटला की हंडा घेऊन लांब कुणाला जावं लागतं, हे मी सांगायला नको! दोघं तिथे गेले. राईत त्यांना गारंबीचा प्रचंड वेल सापडला. जनावराला साप चावला की त्याची साल लावायची, आणि ती न्यायला दूरदूरच्या गावांतून माणसं येत. आसपास दुसरीकडे तो वेल उरलाच नव्हता. दोघांनी वनखात्याकडे शब्द टाकला आणि राई वाचली. मला वाटतं, नुसत्या गावाच्या अर्जावर ती वाचली असती का, कुणास ठाऊक. आणि गावानं हाक दिली नसती तर शास्त्रज्ञाला तरी कुठून कळणार?

१९७६ मध्ये या दोघांचा देवरायांवरचा लेख परदेशी शास्त्रीय मासिकात छापून आला. १९८१ मध्ये महाराष्ट्रातल्या दोनशेहून जास्त रायांची यादीही आली. पुढच्या अभ्यासकांनी तिच्यात खूप भर घातली.

मधल्या काळात माधवराव बंगळूरला गेले आणि कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास त्यांच्याकडे आला. बांबूची बेटं मरत होती. वनखातं बेटाच्या बुडाशी असलेलं काट्याचं जाळं साफ करायचं, म्हणजे वाढ चांगली होईल असा समज. गावातली माणसं म्हणत, काटे काढले की कोवळे कोंब जनावरं खातात. माधवरावांनी मोजून पाहिलं. गावाचंच खरं निघालं.

पुढे २०१० मध्ये केंद्र सरकारनं पश्चिम घाटासाठी समिती नेमली, अध्यक्ष तेच. आता उपग्रहाची माहिती हाताशी होती. तापीपासून कन्याकुमारीपर्यंतच्या घाटाचे साधारण नऊ-नऊ किलोमीटरचे चौकोन पाडले, आणि कुठला भाग किती नाजूक ते नकाशावर दाखवलं. तरी २०११ च्या अहवालात त्यांचा आग्रह हाच, की शेवटचं ग्रामसभेला विचारा. तो अहवाल जसाच्या तसा कुठेच लागू झाला नाही. वाद फार झाले, आणि मूळ अहवाल न वाचता वाद घालणारेही पुष्कळ होते.

जैवविविधतेचा कायदा २००२ साली झाला, त्याच्या मसुद्यातही गाडगीळांचा हात होता. त्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते, आणि तिनं गावातली झाडं, वेली, बियाणं, औषधं यांची लोकनोंदवही करायची असते. समितीवर नेमलेल्यांत निदान एक तृतीयांश बाया हव्यात. पुष्कळ ठिकाणी या वह्या बाहेरच्या माणसानं टेबलावर बसून भरल्यात. पुढच्या मासिक बैठकीआधी ग्रामपंचायतीतून ती वही मागून घ्या. आपल्या राईचं पान उघडा, आणि गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला ते वाचून दाखवा.