हप्ता तोच, रक्कम कमी

1881 मध्ये अमेरिकेतल्या प्रुडेन्शियल विमा कंपनीने ठरवलं की कृष्णवर्णीय ग्राहकांनी हप्ता गोऱ्यांइतकाच भरायचा, पण मृत्यूनंतर घरच्यांना एक-तृतीयांश रक्कम कमी मिळणार. कारण? त्यांचा मृत्युदर जास्त. आता गंमत बघा, हा आकडा खोटा नव्हता. म्हणूनच हे प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये ज्युलियस शॅपेल या कृष्णवर्णीय आमदाराने याविरुद्ध विधेयक आणलं आणि 1884 साली तिथे असा भेदभाव करायला बंदी आली. पण कायदा दर बदलायला लावू शकतो, गिऱ्हाईकाच्या दारी जायला नाही. अशा कायद्यांनंतर कंपनीने कृष्णवर्णीय ग्राहक शोधणंच सोडलं.

पुढे कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांनी 1896 मध्ये अख्खं पुस्तक लिहून सांगितलं, हा मृत्युदर वंशातच आहे. पुढच्याच वर्षी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आणि गणितज्ञ केली मिलर यांनी त्याची चिरफाड केली. दाटीवाटीची घरं, गरिबी यांचा हिशोब कुठाय? युरोपातल्या काही शहरांत गोरेही त्याच प्रमाणात मरत होते की! ‘किती मेले’ हे तक्ता सांगतो. ‘का मेले’ हे न विचारता गट पाडले, तर गुलामगिरीचं बिल तिच्या बळींच्याच नातवंडांना भरावं लागतं.

1898 मध्ये डरहॅमला नॉर्थ कॅरोलिना म्युच्युअल ही कृष्णवर्णीयांची स्वतःची विमा कंपनी उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी जॉन मेरिक हे न्हावी होते, जन्म गुलामगिरीतला.