आईच्या मांडीवरची शाळा : चित्रपुस्तकांचा थोडा इतिहास



मूल शाळेत जाऊ लागले म्हणजे त्याचे शिक्षण सुरू झाले, असे आपण धरून चालतो. पाटी-दप्तर आणले, हजेरीपटावर नाव चढले की पुढची जबाबदारी गुरुजींची! ही समजूत चुकीची आहे, हे सुमारे चारशे वर्षांपूर्वी एका निर्वासित शिक्षकाने लिहून ठेवले आहे. त्यांचे नाव कोमेनियस. बी. एड. च्या अभ्यासक्रमात हे नाव परीक्षेपुरते येते आणि परीक्षेबरोबरच जाते. वास्तविक त्यांची ओळख शिक्षकांपेक्षा आईबापांना अधिक उपयोगाची आहे.

कोमेनियस यांचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात झाला. लहानपणीच ते पोरके झाले. पुढे युरोपात तीस वर्षांचे युद्ध (१६१८-१६४८) पेटले. १६२० च्या पराभवानंतर त्यांच्या लहानशा पंथाच्या लोकांना देशात राहणे अशक्य झाले. ते लपतछपत दिवस काढीत असतानाच प्लेगच्या साथीत त्यांची तरुण पत्नी व दोन चिमुकली मुले दगावली. १६२८ साली मायभूमी कायमची सोडून ते पोलंडमधील लेश्नो या गावी गेले. आपली लेकरे गमावलेल्या या गृहस्थाने तेथे जे ग्रंथ लिहिले, त्यांपैकी एक केवळ तान्ह्या व लहान मुलांच्या संगोपनाविषयी आहे. १६३३ साली तो जर्मन भाषेत छापला गेला. जन्मापासून सहा वर्षांपर्यंत आईची मांडी हीच शाळा, असा त्याचा विषय. ऊन-सावली, दूध-पाणी, गाय-कुत्रा यांची नावे मुलाला घरातच कळावीत आणि अक्षरे येण्यापूर्वी त्याच्या हाती चित्रांचे पुस्तक द्यावे, असे त्यांचे मत होते.

परंतु असे पुस्तक होते कोठे? ते त्यांनाच करावे लागले. १६५६ साली लेश्नो जळाले आणि त्यांची अनेक वर्षांची हस्तलिखिते राख झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६५८ मध्ये, न्यूरेंबर्ग येथे ‘ऑर्बिस सेन्सुआलियुम पिक्टुस’ प्रसिद्ध झाले. नावाचा अर्थ, इंद्रियांना जाणवणाऱ्या जगाचे चित्र. सुमारे दीडशे प्रकरणे आणि प्रत्येक प्रकरणाला लाकडी ठशाचे एक चित्र. चित्रातील वस्तूंना आकडे घातलेले आणि तेच आकडे खालच्या मजकुरात. आकड्यावर बोट ठेवावे, वस्तू ओळखावी, शब्द म्हणावा. मजकूर दोन भाषांत शेजारी शेजारी : एकीकडे लॅटिन, दुसरीकडे जर्मन. सुरुवातीची मुळाक्षरे तर मोठी गमतीची आहेत. एकेका अक्षराशेजारी एकेक आवाज : कावळा ओरडतो, कोकरू बें बें करते, मांजर म्याऊ करते, आणि त्याच रांगेत एक तान्हे बाळही रडत असते! पुढच्याच वर्षी याचे इंग्रजी भाषांतर निघाले. जर्मन महाकवी गटे यांनी आपल्या आत्मचरित्रात बालपणीच्या पुस्तकांत याचा उल्लेख केला आहे.

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. या पुस्तकात इस्लामविषयीही एक प्रकरण आहे, आणि त्यात त्या काळच्या युरोपात प्रचलित असलेले पूर्वग्रहच उतरले आहेत. ज्याने स्वतः धर्मापायी छळ सोसला, त्याच्याही लेखणीतून हे निसटले. म्हणून मुलापुढे पुस्तक धरण्यापूर्वी आईबापांनी ते स्वतः एकदा पाहावे, हे बरे.

चित्रांतून गोष्ट सांगणे ही काही युरोपची एकट्याची मिरास नव्हे. आपल्या पंचतंत्रातील कथा पहलवी भाषेमार्गे आठव्या शतकात अरबीत गेल्या आणि ‘कलीला व दिम्ना’ म्हणून गाजल्या. इब्नुल मुकफ्फा यांनी प्रस्तावनेत पशुपक्ष्यांच्या रंगीत चित्रांचाही उल्लेख केला आहे. मात्र अशी हस्तलिखिते राजेरजवाड्यांच्या ग्रंथालयात असत. तान्ह्या बाळाच्या लाळेच्या हातांत ती कोण देणार? छापखाना आला, प्रती स्वस्त झाल्या, तेव्हा कुठे पुस्तक दिवाणखान्यातून पाळण्याकडे सरकले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनचे मुद्रक एडमंड इव्हान्स यांनी उत्तम रंगीत बालपुस्तके छापली. १९०२ साली बीट्रिक्स पॉटर यांची पीटर नावाच्या सशाची गोष्ट आली. लहान हातांत मावेल असा त्या पुस्तकाचा आकार मुद्दाम ठेवला होता. १९०३ पासून इंग्लंडात कापडावर छापलेली, धुता येणारी पुस्तकेही निघू लागली. बाळ पुस्तक आधी तोंडात घालते, मग पाहते, हे ओळखणारा तो प्रकाशक मोठा व्यवहारी म्हटला पाहिजे.

तथापि ‘इतक्या लहान बाळाला काय कळते?’ हा प्रश्न उरतोच. १९९२ साली इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरात ३०० कुटुंबांना, बाळ सातआठ महिन्यांचे असताना, आरोग्य तपासणीच्या वेळी एक पिशवी देण्यात आली. तीत एक चित्रपुस्तक, बडबडगीतांचे कार्ड व ग्रंथालयाचे निमंत्रण होते. ‘बुकस्टार्ट’ ही ती योजना. यांतील जी मुले पुढे शाळेत गेल्यावर तपासली गेली, ती भाषेतच नव्हे, तर अंकगणितातही इतरांच्या पुढे आढळली. सगळे श्रेय त्या एका पिशवीला देणे मला पटत नाही. पुस्तक हे निमित्त होते. त्या निमित्ताने घरातले मोठे माणूस रोज बाळाला मांडीवर घेऊन बसले व बोलले, हे महत्त्वाचे. पुढे या योजनेत उर्दू, बंगाली अशा घरभाषांतील द्वैभाषिक पुस्तकेही देण्यात आली.

वाचकहो, हा शेवटचा मुद्दा आपल्या घरांना फार जवळचा आहे. आपल्या कित्येक घरांत उर्दू, दखनी किंवा कोकणी बोलली जाते आणि मूल शिकते मराठी शाळेत. पहिलीच्या वर्गात ते मुके बसते आणि आपण त्याला मंद ठरवतो! चित्राला मात्र भाषा नसते. एकाच चित्रावर बोट ठेवून दादीने ‘बिल्ली’ म्हणावे आणि चौथीतल्या बहिणीने ‘मांजर’ म्हणावे. कोमेनियस यांनी एकाच चित्राखाली दोन भाषा मांडल्या, त्या याच हिशेबाने. अलिफ अनार, बे बकरी असा आपला सचित्र कायदा आणि मराठी अंकलिपी एकाच फळीवर सुखाने राहू शकतात.

‘मला कुठे वाचता येते?’ असे कित्येक माता शाळेत येऊन म्हणतात. चित्रपुस्तकाला वाचता येण्याची अट नाही. हत्ती दिसला की सोंड दाखवावी, आवाज काढावा, बाळ काय करते ते पाहावे आणि त्याच्या हुंकारालाही उत्तर द्यावे. वडिलांनी हे केले तर त्यांची प्रतिष्ठा कमी होत नाही. नवजात बाळाला फार तर वीतभर अंतरावरचे स्पष्ट दिसते, म्हणून सुरुवातीला पान जवळ धरावे, आणि चित्र मोठे, ठळक असावे.

पुस्तके मिळतात. १९५७ साली दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट सुरू केला आणि त्याच वर्षी नॅशनल बुक ट्रस्टही निघाला. सोव्हिएत संघ १९९१ साली संपला, त्यापूर्वी तेथून रंगीत बालपुस्तके मराठीत येत आणि अगदी स्वस्तात मिळत. आज माधुरी पुरंदरे यांची पुस्तके आहेत. आणि तेवढेही परवडत नसेल, तर जुन्या कॅलेंडरवरील फळांची, पक्ष्यांची चित्रे कापावीत, खोक्याच्या पुठ्ठ्यावर खळीने चिकटवावीत, कोपरे गोल कापावेत म्हणजे टोचत नाहीत, आणि भोके पाडून जाड सुताने आवळून बांधावे. सुताची गाठ मागच्या बाजूला घ्यावी, कारण बाळ ती आधी ओढते.